मंजुरी देणारी पेटी

“मॅडम, तुमचं कुलूप मी तोडलंय.”

फोन सिस्टरचा होता. मागून गाडीचा हॉर्न आणि कुणीतरी कण्हत असल्याचा आवाज येत होता. “आत्ता चारोटीला रेंज आली. डॉक्टर सरांना सांगितलंय, आता तुम्हाला सांगते. गवत कापताना बाईला घोणस चावलीय. दहा बाटल्या दिल्यात. पाऊण तासात पोचतो.” मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

तेव्हा मी डहाणूच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात संगणकाचं सगळं काम एकटी बघायचे. हॉस्पिटलचे तीन दवाखाने आत गावांकडे होते. एक तलासरीत, एक विवळवेढ्याच्या बाजूला आणि एक सायवनच्या पुढे, टेकडीखालच्या पाड्यावर. पाड्यावरचा दवाखाना सिस्टरच्या हाती होता. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या कोळी घरातली ही बाई. तिची आई टोपलीत मासे घेऊन दारोदार फिरायची. हिने नर्सिंग केलं आणि बावीस वर्षं त्या डोंगराकडच्या दवाखान्यात काढली. वारली बोलायची, गुजराती बोलायची, आणि ऑफिसातल्या माणसांशी अगदी मोजकं मराठी.

कुलूप मी केलेलं होतं. आदल्या वर्षी पाहणीत सर्पदंशावरच्या औषधाच्या काही बाटल्या कमी भरल्या होत्या. त्या कुणी नेल्या, कुणाला दिल्या, कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग ठरलं की प्रत्येक दवाखान्यात एक लोखंडी कपाट, त्याला विजेवर चालणारं कुलूप. सिस्टरने टॅबवर अर्ज भरायचा, डहाणूत मोठ्या डॉक्टरांच्या फोनवर तो दिसायचा, त्यांनी बोट लावलं की सर्व्हर कपाटाला निरोप पाठवायचा आणि कुलूप उघडायचं. हा सर्व्हर कुठल्या तरी दूरच्या शहरात होता. मी तो कधी पाहिला नव्हता. पुण्यात पाच वर्षं असलीच कामं केली होती, त्यामुळे तीन आठवड्यांत मी हे उभं केलं. उद्घाटनाला पेढे वाटले होते. कपाट पहिल्यांदा आपोआप उघडलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या मला खूप आवडल्या होत्या, हे मी आता कबूल करते.

गाडी आली. बाईचा पाय मांडीपर्यंत सुजला होता, पण ती शुद्धीवर होती, आणि विळा कुठे राहिला म्हणून नवऱ्याला विचारत होती. मोठे डॉक्टर तिला आत घेऊन गेले. बाहेर बाकावर सिस्टर बसली. तिच्या उजव्या तळव्याला रुमाल गुंडाळलेला होता.

मी शेजारी बसले.

“हायवेला खोदकाम चाललंय ना, तिथे केबल तुटली,” ती म्हणाली. “सकाळपासून नेट नाही. लाइट गेली तसा मोबाईलचा टॉवरही गेला. बाईला चादरीच्या झोळीतून आणलं. मी अर्ज भरला. ते गोल गोल फिरत राहिलं. ‘मंजुरीची वाट पाहत आहे.’ परत भरला. चार वेळा भरला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तशी ड्रायव्हरभाऊंना म्हटलं, पहार आणा.”

“हाताला काय झालं?”

“पत्रा लागला.” ती थोडी हसली. “कुलूप चांगलं केलं होतं हो तुम्ही. लवकर तुटेचना.”

ती टोमणा मारत नव्हती. कामाला कामाची पावती द्यावी तसं बोलली. म्हणूनच ते मला इतकं लागलं. हे आज लिहितानाही मला ते बाक, तिचा तो रुमाल आणि आतून येणारा मॉनिटरचा टुक टुक आवाज आठवतो.

बाई वाचली. नऊ दिवसांनी चालत घरी गेली.

त्या नऊ दिवसांत सिस्टरला कारणे दाखवा नोटीस निघाली. हॉस्पिटलच्या व्यवस्थापक साहेबांनी काढली. साहेब वाईट नव्हते. पूर्वी सरकारी नोकरीत होते आणि नियम मोडला की कागद निघालाच पाहिजे, असं त्यांचं मत होतं. त्यांनी मला बोलावून सर्व्हरवरच्या नोंदी काढायला सांगितल्या. मी काढल्या. त्या दिवशीच्या रकान्यात काहीच नव्हतं.

“चार वेळा अर्ज केला म्हणते,” साहेब म्हणाले. “इथे एकही नाही. कपाट उघडल्याचीही नोंद नाही. तुमच्या संगणकाच्या हिशेबाने त्या दिवशी तिथे काही घडलंच नाही.”

ती खरं बोलत होती आणि माझी यंत्रणा तिला खोटं पाडत होती. नेट नसेल तर टॅबवर काही साठवून ठेवावं, हे मी लिहिलंच नव्हतं. अर्ज जात नसेल तर तो हवेत विरायचा. ज्या दिवशी नोंदीची सगळ्यात जास्त गरज होती, नेमका तोच दिवस कोरा.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. मोठे डॉक्टर, साहेब, सिस्टर आणि मी. सिस्टरने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. केसपेपरची मागची बाजू. त्यावर निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात, एकाखाली एक लिहिलेलं होतं. रुग्ण आली ती वेळ. अर्ज केले त्या चार वेळा. काचेच्या नळीत रक्त घेतलं ती वेळ, वीस मिनिटांनीही ते गोठलं नाही, म्हणजे विष रक्तात भिनलं होतं, ती वेळ. कुलूप तोडलं ती वेळ. प्रत्येक बाटलीचा नंबर. खाली तिची सही, ड्रायव्हरची सही आणि बाईच्या नवऱ्याचा अंगठा.

“हे कधी लिहिलंत?” मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

“करता करताच. आमच्या मेट्रन म्हणायच्या, हात करतील ते लगेच लिहा, नंतर डोकं वेगळं सांगतं.”

मी त्या कागदाकडे बघत राहिले. मला जे तीन आठवड्यांत जमलं नव्हतं ते तिने रक्ताळलेल्या हाताने केसपेपरच्या पाठीवर केलं होतं. मी साहेबांना म्हटलं, “चूक माझ्या कामात आहे. नोटीस द्यायची तर मला द्या.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नोटीस त्यांनी फाइलमध्ये ठेवून दिली आणि कुणालाच उत्तर मागितलं नाही. “पण कपाट उघडं नाही ठेवता येणार,” ते म्हणाले. “काय करायचं ते सांगा.”

त्या संध्याकाळी घरी मी जेवायला बसले पण जेवण जाईना. घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. बाबांसाठीच मी पुण्याची नोकरी सोडून आले होते. त्यांनी सगळं आयुष्य रेल्वेत काढलं, डहाणूच्या आणि आसपासच्या लहान स्टेशनांवर मास्तर म्हणून. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गाडीचा आवाज आला की ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे.

मी सगळं सांगितलं. त्यांनी भाताचा घास हातात तसाच धरून ऐकलं.

“म्हणजे तुझं यंत्र बंद पडलं की सगळंच बंद?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“असं कसं? आमच्याकडे पुढच्या स्टेशनची परवानगी असल्याशिवाय गाडी सोडता यायची नाही. ती यंत्रावर मिळायची. पण यंत्र बिघडायचंच की. वीज पडायची, तारा तुटायच्या. म्हणून काय गाड्या आठवडाभर उभ्या ठेवायच्या?”

“मग काय करायचात?”

“मग टेलिफोन. पुढच्या मास्तरने एक आकडा सांगायचा. प्रत्येकाकडे आकड्यांचा छापील कागद असायचा. वरून खाली, क्रमाने. आकडा दिला की त्यावर रेघ मारायची. तो परत वापरायचा नाही. मी तो आकडा माझ्या वहीत लिहायचा, त्याने त्याच्या वहीत. मग ड्रायव्हरला कागदी परवाना. कार्बन घालून. एक प्रत त्याला, एक माझ्याकडे.”

“आणि टेलिफोनही बंद असला तर?”

“तर त्याचाही नियम. गाडी सोडायची, पण सावकाश. बाजूला माणूस ठेवून, बघत बघत.” घास अखेर तोंडात गेला. “परवानगी एकाच तारेला टांगून ठेवायची नसते. एक तुटली तर खाली दुसरी पायरी पाहिजे. आणि प्रत्येक पायरीवर कोणी काय केलं ते लिहिलेलं पाहिजे.”

बाबांना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मला पाच वर्षांच्या नोकरीत कुणी जे शिकवलं नाही ते त्यांनी वरणभात खाता खाता सांगितलं. ताट बाजूला सारून मी तिथेच जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघोट्या ओढायला लागले. बाबा म्हणाले, “आधी हात धू.”

पुढचे चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले महिने होते, असं आज वाटतं. तेव्हा तसं वाटत नव्हतं. तेव्हा नुसती धावपळ होती.

कल्पना साधी होती. निर्णय दूरच्या सर्व्हरकडे न्यायचाच नाही. प्रत्येक दवाखान्यात तळहाताएवढा एक संगणक ठेवायचा, त्याला स्वतःची बॅटरी आणि छपरावर लहानसं सोलर पॅनल. मंजुरीचे नियम त्या पेटीतच. नेट असेल तर मोठ्या डॉक्टरांनी मंजुरी द्यायची. नसेल तर पेटीने लक्षणं विचारायची, दोन माणसांचे अंगठे घ्यायचे आणि नियमात बसत असेल तर तिथल्या तिथे कुलूप उघडायचं. पेटीच मेली तर पाकिटात सील केलेली साधी किल्ली आणि पानांवर नंबर छापलेली वही. आमच्या धंद्यात याला एज कम्प्युटिंग म्हणतात. सिस्टर त्याला ‘इथल्या इथे’ म्हणायची.

नोंदींसाठी मी बाबांचे आकडे घेतले. प्रत्येक नोंदीला क्रमांक आणि एक खूण. ती खूण आधीच्या नोंदीवरून तयार व्हायची. मधली एखादी ओळ कुणी बदलली तर तिथून पुढच्या सगळ्या खुणा चुकायच्या आणि लगेच कळायचं. नेट आलं की ही वही आपोआप डहाणूला यायची. तोवर ती पेटीतच, खोडता न येण्यासारखी.

मोठ्या डॉक्टरांना हे पटायला वेळ लागला. “म्हणजे माझी सही ही पेटी करणार?” ते म्हणाले.

माझ्या आधी सिस्टरच म्हणाली, “सर, तुम्ही रजेवर असता तेव्हा आम्ही तुम्ही शिकवलेलंच करतो ना? तेच हिला शिकवा.”

मग दर शनिवारी दुपारी आम्ही तिघं बसायचो. डॉक्टर सांगायचे, मी लिहायचे, सिस्टर खोडायची. “‘रक्तस्राव होत आहे का’ असं नका विचारू. घाईत कोण वाचणार? ‘हिरडीतून रक्त? लघवी लाल? पापण्या जड?’ असं विचारा.” काचेची नळी असा शब्द तिने मला तीनदा ठळक करायला लावला. “प्लास्टिकच्या नळीत रक्त गोठत नाही नीट. नवीन पोरी चुकतात.” मी पहिल्यांदा लिहिलेल्या सत्तावीस प्रश्नांचे शेवटी आठ झाले.

पाड्यावर जायला मला हॉस्पिटलची जीप मिळायची. चारोटीला थांबून वडा आणि चहा, मग पुढे आतला रस्ता. दोन्ही बाजूंना कापलेल्या गवताचे भारे रचलेले असायचे. कधी एखादी बाई डोक्यावर भारा घेऊन इतकी सरळ चालत जायची की लांबून गवतच चालतंय असं वाटायचं. दवाखान्याच्या ओसरीवर बसून मी वायरी जोडायचे आणि सिस्टर रुग्ण बघता बघता माझ्याशी बोलायची. दुपारी तिच्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी आम्ही वाटून खायचो. ती चटणी नंतर मी किती वेळा करून पाहिली. तिच्यासारखी होत नाही.

पहिली पेटी दहा दिवसांत बंद पडली. उघडली तर आत मुंग्यांचं वारूळ. काळ्या, बारीक, अंड्यांसकट. संगणकाच्या उबेला आल्या होत्या. मी रडवेली झाले. सिस्टरने पेटी ओसरीवर उलटी केली, झटकली, मुंग्यांच्या खडूने टेबलाभोवती चौकोन आखला आणि टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. “आई सुकी मासळी अशीच ठेवते,” ती म्हणाली. पुढे तिन्ही दवाखान्यांत वाट्या गेल्या. साहेबांनी सामानाच्या यादीत त्या काय नावाने लिहिल्या कुणास ठाऊक.

दुसऱ्या वेळी घड्याळ चुकलं. बॅटरी पूर्ण उतरली आणि परत चालू झाल्यावर पेटीला आपण कुठल्या वर्षात आहोत ते कळेना. नोंदींवर माझ्या शाळेच्या दिवसांतली तारीख पडली. सिस्टरनेच ते पकडलं. मग आत घड्याळापुरता वेगळा छोटा सेल बसवला, आणि वेळेपेक्षा क्रमांकावर भरवसा ठेवायचा असं ठरवलं. घरी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणूनच आकडे क्रमाने.”

पेटीची खरी परीक्षा वादळात झाली. मी तेव्हा पाड्यावरच होते. सोलरचं पॅनल सैल झालं होतं ते बसवायला सकाळी गेले आणि दुपारपर्यंत वारा असा सुटला की जीप परत नेता येईना. रस्त्यावर झाडं आडवी झाली. विजेचे खांब वाकले. फोन मुके झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा उतरला, पण बाहेरच्या जगाशी संबंध नव्हता. मी रात्र दवाखान्याच्या रिकाम्या खाटेवर काढली होती.

सकाळी नऊच्या सुमाराला चार माणसं एका तरुण बाप्याला घेऊन आली. कोसळलेल्या छपराची कौलं उचलताना त्याला साप चावला होता. पायावर दोन ठिपके स्पष्ट दिसत होते. साप कुणी नीट पाहिला नव्हता. सूज नाही, रक्त नाही, माणूस चांगला बोलत होता, फक्त घाबरलेला.

सिस्टरने पेटीवर आठ प्रश्नांची उत्तरं भरली. नळीत रक्त घेतलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त गोठलेलं होतं. पेटीने लिहिलं: ‘आत्ता मंजुरी नाही. अर्ध्या तासाने पुन्हा तपासा.’

त्याचा मोठा भाऊ तापला. “औषध कपाटात आहे ना? मग द्या.”

“चावला म्हणजे विष गेलंच असं नाही भाऊ,” सिस्टर म्हणाली. “हे औषध घोड्याच्या रक्तापासून करतात. काहींना त्यानेच झटका येतो, श्वास बंद होतो. गरज नसताना नाही द्यायचं. मी इथेच बसलेय.”

त्याने ते ऐकलं नाही. कुणीतरी त्याला सांगितलं की ही पेटी या मॅडमनी बनवलीय. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ओरडला नाही. हात जोडले. “तुम्ही बनवलंय, तर तुम्ही उघडा. माझा भाऊ मेला तर?”

माझ्याकडे परवलीचा शब्द होता. दुरुस्तीसाठी ठेवलेला. तो टाकला की कपाट उघडणार. मला केबल तुटलेला तो दिवस आठवला, तो सुजलेला पाय, तो रुमाल. पुन्हा माझ्या कुलुपामुळे कुणी मरणार, एवढंच डोक्यात होतं. मी टॅब ओढला आणि अक्षरं टाकायला लागले.

सिस्टरचा हात माझ्या मनगटावर आला. “मॅडम, हात खाली.”

“पण सिस्टर...”

“मी त्या दिवशी कुलूप तोडलं ते नळी बघून तोडलं. आज नळी नाही म्हणतेय. थांबा.”

मी टॅब ठेवला. तिने स्टूल ओढलं आणि त्या माणसाच्या उशाशी बसली. दर अर्ध्या तासाने त्याला सांगायची, “माझ्या बोटाकडे बघ. वर बघ. आता वीसपर्यंत मोज.” काही सापांचं विष रक्ताऐवजी नसांवर चढतं आणि ते आधी डोळ्यांत दिसतं. मोठ्या भावाला तिने रिकामं बसू दिलं नाही. भावाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायचं काम त्याला दिलं. मला प्रत्येक वेळी नोंद करायला लावली. मध्येच तिने सगळ्यांना कोरा चहा दिला. बाहेर लोक कुऱ्हाडींनी रस्त्यावरची झाडं तोडत होते, त्याचे ठकठक आवाज येत होते.

तीन तास होत आले तेव्हा मोठा भाऊच म्हणाला, “सिस्टर, याचे डोळे झोपेला आल्यासारखे होतायत.”

ती झटकन वाकली. पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या. वर बघ म्हटलं तरी जात नव्हत्या. तिने पेटीवर एकच उत्तर बदललं. ‘पापण्या जड? हो.’ तिचा अंगठा, माझा अंगठा. कुलूप खट्कन उघडलं. तो आवाज मी आजही ओळखेन. तिने सलाईन आधीच लावून ठेवलं होतं, झटका आलाच तर त्यावरचं इंजेक्शन भरून ठेवलं होतं. पाच मिनिटांत औषध सुरू झालं. दुपारी रस्ता मोकळा झाला आणि त्याला गाडीतून डहाणूला नेलं. श्वासासाठी त्याला दोन दिवस मशीनवर ठेवावं लागलं. पण तो वाचला. मोठा भाऊ नंतर ताडगोळे घेऊन आला होता. ते त्याने सिस्टरला दिले. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मला तेवढंही पुष्कळ झालं.

पाचव्या दिवशी नेट आलं. मी डहाणूला परतले होते. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत साहेबही होते. पडद्यावर पाड्याच्या वहीतल्या ओळी एकामागून एक उतरायला लागल्या. क्रमांक, वेळ, खूण. डॉक्टर मोठ्याने वाचत होते. ‘नळी गोठली. मंजुरी नाही.’ ‘डोळे ठीक. मंजुरी नाही.’ मग ते थांबले.

“हे काय? ‘दुरुस्तीचा परवलीचा शब्द टाकायला सुरुवात. अर्धवट सोडला.’ हे कोण?”

पेटी हेही टिपते, हे मीच लिहिलं होतं आणि विसरले होते.

“मी,” म्हटलं. “मी घाबरले होते. सिस्टरनी थांबवलं.”

मग साहेबांनी विचारलं, “ही ओळ काढता येते?”

“नाही साहेब. कुणालाच नाही. मलाही नाही.”

“बरं झालं,” साहेब म्हणाले आणि पुढची ओळ वाचा म्हणून डॉक्टरांना खूण केली.

दुसऱ्याच आठवड्यात मी तो परवलीचा शब्द काढून टाकला. त्याच आठवड्यातल्या बैठकीत साहेबांनी फाइल उघडून सिस्टरची जुनी नोटीस बाहेर काढली, तिच्यावर ‘रद्द’ असं लिहिलं, खाली तारीख घालून सही केली आणि एक प्रत तिला दिली. तिने ती चार घड्या करून पर्समध्ये ठेवली.

त्यानंतर मी बाबांना एकदा पाड्यावर घेऊन गेले होते. त्यांनी पेटी पाहिली, वाट्या पाहिल्या, वहीच्या ओळींवरून बोट फिरवलं. मग सिस्टर आणि ते ओसरीवर बसून तासभर बोलत होते, रात्रपाळ्यांबद्दल. एकट्याने स्टेशन सांभाळणं आणि एकटीने दवाखाना सांभाळणं यात त्यांना बरंच काही सारखं सापडलं असावं. मी मध्ये गेले नाही. परतताना जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, “बाई पक्की आहे.” त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकली नव्हती. पुढच्या वर्षी ते गेले.

आता त्या पेट्या नाहीत. हॉस्पिटलने एका मोठ्या कंपनीची यंत्रणा घेतली. ती चांगली आहे. तिच्यात नेट गेलं तरी काम चालतं, हे त्यांच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. तिन्ही दवाखान्यांतल्या पेट्या मीच काढल्या. तलासरीची काढताना मागे पालीची दोन अंडी होती, म्हणून तेवढी आठवडाभर ठेवली.

सिस्टर निवृत्त झाली. किनाऱ्यावर भावाच्या शेजारी राहते. पण महिन्यातून एकदा तलासरीत नव्या मुलींना शिकवायला येते आणि तिला न्यायचं काम माझं. मागच्या महिन्यात तिने काचेची नळी दाखवली, वीस मिनिटं सगळ्यांना गप्प बसवलं. नंतर एक मुलगी उभी राहिली. नुकतीच लागलेली, घरी गुजराती बोलणारी, मराठी जपून बोलणारी.

“सिस्टर, पण माझा निर्णय चुकला तर?”

“चुकेल कधीतरी,” सिस्टर म्हणाली. “तोही लिहून ठेव. लपवू नको. मग आम्ही सगळे मिळून बघू.”

मुलगी बसली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. तिने नेमकं काय लिहिलं ते मला दिसलं नाही. सिस्टरने पुढची नळी उचलली, उजेडाकडे धरली आणि मागच्या बाकावरच्या मुलींना जवळ यायला सांगितलं.